आप्पांचं निदान अकरा महिने चुकलं. ग्राहक आयोगात जावं का?

कागलची_लेक | ११ जानेवारी २०२६, रात्री १०:२०

नमस्कार. इथलं बरेच दिवस वाचते, लिहिते आज पहिल्यांदा. जरा लांबेल, पण तारखा सांगितल्याशिवाय कुणाला काही सांगता येणार नाही.

माझे वडील, आम्ही आप्पा म्हणतो, वय ६१. कागल तालुक्यात ऊस आणि चार जनावरं. जुलै २०२४ मध्ये परसाकडेच्या वेळी रक्त पडायला लागलं. कोल्हापुरातल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले आणि मूळव्याध म्हणून मलम, गोळ्या, इसबगोल दिलं. तिखट बंद केलं. आप्पांनी रस्सा सोडला, तंबाखूही सोडली, सांगितलं ते सगळं केलं.

नोव्हेंबरात बांधावरून चालताना दम लागायला लागला. हिमोग्लोबिन ९.२ आलं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये ७.४. तेव्हा एक दिवस ठेवून घेऊन शिरेतून लोह दिलं. वजन सात किलो उतरलं होतं. अकरा महिन्यांत आम्ही चौदा वेळा गेलो. चौदा वेळांत एकदाही आप्पांना टेबलावर झोपवून तपासलं नाही. मी प्रत्येक वेळी सोबत होते, म्हणून हे खात्रीनं सांगते.

जूनमध्ये माझ्या जाऊबाईंच्या भावानं हट्टानं मिरजेला न्यायला लावलं. तिथल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत बोटानं तपासलं, हात धुतले आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, "ताई, गाठ हाताला लागत्येय." मग दुर्बीण, बायोप्सी, एमआरआय. गुदाशयाचा कॅन्सर, तिसरी स्टेज. रेडिएशन, केमो आणि ऑक्टोबरात ऑपरेशन. आता पोटावर शौचाची पिशवी आहे. दोन एकर गहाण पडलं.

आप्पा काही बोलत नाहीत. मला मात्र रात्री झोप लागत नाही. अकरा महिने उशिरा निदान होणं हा कायद्यानं गुन्हा आहे का? नुकसानभरपाई मागता येते का? आणि मागावी का? कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

शिरोलीचा_फौंड्रीवाला | ११ जानेवारी, रात्री १०:४८

ताई, वाचून हात थरथरले. सरळ पोलिसात जावा. एफआयआर करा. चार माणसं घेऊन दवाखान्यात बसा, तेव्हाच ही माणसं जागी होतात.

वकील_बावडेकर | ११ जानेवारी, रात्री ११:३५

शिरोलीकर दादा, राग समजतो, पण हा सल्ला ताईंना खड्ड्यात घालेल. महाराष्ट्रात २०१० पासून डॉक्टर आणि दवाखान्यांवरच्या हिंसाचाराविरुद्ध वेगळा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. काच फुटली तर भरपाई दुप्पट. ज्यांचा बाप आजारी आहे त्यांनाच मग जामिनासाठी पळावं लागतं. मी असं एक कुटुंब जवळून पाहिलं आहे.

फौजदारीचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगून ठेवलंय की डॉक्टरवर फौजदारी कारवाईला साधी चूक पुरत नाही, निष्काळजीपणा घोर असावा लागतो. आणि पोलिसांनी आधी दुसऱ्या, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यावं. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे, पण ते मृत्यूच्या बाबतीत. देवाच्या दयेनं तुमचे वडील आहेत.

तुमचा रस्ता ग्राहक आयोगाचा. १९९५ मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली, तेव्हापासून हे दार उघडं आहे. आता २०१९ चा कायदा चालतो.

आधी मुदत बघा. कारण घडल्यापासून दोन वर्षं. उशिरा निदानाच्या केसमध्ये "कारण कधी घडलं" यावरच अर्धा वाद होतो. चूक रुग्णाला कळली त्या दिवसापासून मोजायचं असं २०१० च्या एका निकालात न्यायालयानं मान्य केलं, पण त्याच निकालात तक्रारदार बाई हरल्या. १९९३ च्या ऑपरेशनमध्ये पोटात गॉझ राहिला होता आणि तो २००२ मध्ये सापडला. न्यायालय म्हणालं, नऊ वर्षं पोट दुखत होतं, तर त्याच डॉक्टरांकडे परत का गेला नाहीत? चौकशी केली असती तर आधीच कळलं असतं. तेव्हा मिरजेचा जून २०२५ धरून जून २०२७ पर्यंत वेळ आहे असं म्हणून स्वस्थ बसू नका. समोरचा वकील फेब्रुवारीचा ७.४ चा रिपोर्ट दाखवून म्हणेल, तेव्हाच शंका यायला हवी होती. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईलच असं नाही. या पावसाळ्याच्या आत तक्रार दाखल व्हावी असं माझं मत.

कागलची_लेक | १२ जानेवारी, सकाळी ७:०५

दादा, मनापासून आभार. फी किती लागते? आणि आता कोल्हापुरात हायकोर्टाचं बेंच झालंय, तिथं थेट जाता येईल का? गावात सगळे तेच सांगतात.

वकील_बावडेकर | १२ जानेवारी, सकाळी ९:१०

सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं ही आपल्या सहा जिल्ह्यांसाठी मोठी गोष्ट आहे, पण ग्राहक तक्रार तिथं सुरू होत नाही. आधी जिल्हा आयोग, त्यावर पंचेचाळीस दिवसांत राज्य आयोगात अपील.

फी तुम्ही मागता त्या भरपाईवर नाही, तुम्ही त्या दवाखान्याला दिलेल्या मोबदल्यावर ठरते. पाच लाखांपर्यंत मोबदला असेल तर फी शून्य. तुमचे चौदा व्हिजिट आणि इंजेक्शनं मिळून वीस-पंचवीस हजार झाले असतील. भरपाई तीस लाख मागितली तरी आयोगाची फी लागणार नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथं उत्पन्नाची अट नाही, पण अर्ज कुणाच्या नावानं आहे ते बघतात, त्यामुळे तक्रारदार आप्पा एकटे की सोबत आई आणि तुम्ही, हे आधी बोलून घ्या. ग्राहक पंचायतीचे कार्यकर्तेही तक्रार कशी लिहायची ते दाखवतात. स्वतः उभं राहूनही केस चालवता येते, मात्र वैद्यकीय विषयात मी तसं सुचवणार नाही.

इचलकरंजीचा_सर्जन | १२ जानेवारी, दुपारी ३:२५

मी डॉक्टर आहे आणि हा धागा दोनदा वाचला. दोन्ही बाजूंचं खरं ते लिहितो. ताई, काही वाक्यं तुम्हाला लागतील. आधीच क्षमा मागतो.

रक्त पडतंय म्हणून येणाऱ्यांत बहुतेकांना मूळव्याध किंवा चीर असते. पहिल्या भेटीत मूळव्याध वाटणं ही चूक नाही. निदान चुकणं आणि निष्काळजीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, न्यायालयंही तसंच मानतात. त्या दिवशी डॉक्टरसमोर जी माहिती होती, तिच्यावरून त्याच शाखेच्या साधारण जाणत्या डॉक्टरनं काय केलं असतं, एवढंच विचारलं जातं.

पण बोटानं तपासणं ही महागडी चाचणी नाही. हातमोजा आणि थोडी जेली, दोन मिनिटं. ती पहिल्याच भेटीत व्हायला हवी होती. समजा राहिली. नोव्हेंबरात साठीच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन ९.२ आलं, तिथं मी थांबलो असतो. या वयाच्या पुरुषात लोह कमी होतं तेव्हा आतड्यातून कुठून तरी रक्त जातंय असंच धरून शोधायचं असतं. हे आम्हाला एमबीबीएसला शिकवतात. लोह देऊन आकडा वर आणायचा आणि रक्त का जातंय ते बघायचं नाही, हे मला कुठल्याही बाजूनं समर्थनीय वाटत नाही. फेब्रुवारीत ७.४ आणि सात किलो वजन कमी. त्या दिवशी दुर्बिणीला पाठवलं नाही, याला मी चूक म्हणणार नाही. त्याहून मोठा शब्द वापरीन.

आता अवघड भाग. आयोगात दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. एक, कुचराई झाली. दोन, त्या कुचराईमुळेच नुकसान झालं. ही दुसरी पायरी उशिराच्या केसमध्ये सगळ्यात घसरडी असते. आतड्याचा कॅन्सर बहुधा छोट्या कोंबातून वर्षानुवर्षं वाढत येतो. जुलै २०२४ मध्ये गाठ होतीच, यात मला शंका नाही. पण तेव्हा ती पहिल्या स्टेजला होती, दुसऱ्या की तिसऱ्याच, हे आज कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पिशवीचंही तसंच. गाठ गुदद्वारापासून किती अंतरावर आहे यावर ते बरंच ठरतं. फार खाली असेल तर वर्षभर आधी कळूनही पिशवी टळली नसती. मिरजेच्या एमआरआयमध्ये ते अंतर सेंटिमीटरमध्ये लिहिलेलं असेल. ते बघा आणि तुमच्या सर्जनला स्पष्ट विचारा.

बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड, म्हणजे गाठीच्या तुकड्याचे जपलेले नमुने, जिथं आहेत तिथून मागून जपून ठेवा. पुढे दुसरं मत लागलं तर त्याशिवाय होत नाही.

गारगोटीचा_माणूस | १२ जानेवारी, संध्याकाळी ६:५०

डॉक्टरसाहेबांनी खरं लिवलंय. माझा अनुभव सांगतो, ताईला उपयोग हुईल.

माझ्या आत्तीला खोकला. आठ महिने टीबीची औषधं चालली. बेडका एकदाबी तपासला न्हाई. फोटूवर डाग दिसला म्हणून टीबी. शेवटाला निघाला फुप्फुसाचा कॅन्सर. आत्ती गेली. मामांनी केस घातली. साडेतीन वर्षं तारखा. कायद्यात तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने लिवलंय म्हणत्यात, पर तसं काय घडत न्हाई. कवा समोरचा वकील न्हाई, कवा आयोगावर सदस्य न्हाई. गारगोटीवनं एसटीनं यायचं आन पुढली तारीख घिऊन जायचं.

निकाल आमच्या बाजूनं लागला. त्यांनी अपील केलं. अपिलाला निम्मी रक्कम भरावी लागती, ती त्यांनी भरली. मग दोन वर्षांनी तडजोड झाली. पैसं मिळालं, खोटं का बोलू. पर मामा म्हणत हुते, पैशापरीस एक गोष्ट बरी झाली. डॉक्टरला शपथेवर लिवून द्यावं लागलं की बेडका तपासला न्हवता. तवर समदी म्हणायची, म्हातारी उशिरा आली दवाखान्यात. आत्ती उशिरा आली न्हवती. त्या कागदानं तेवढं पुसलं गेलं.

आमी जिंकलो ते एका गोष्टीनं. मामानं आठ महिन्यांच्या औषधाच्या पावत्या डब्यात घालून ठिवल्या हुत्या. बिस्किटाचा पत्र्याचा डबा. तुमचा डबा हाय का बघा.

कागलची_लेक | १२ जानेवारी, रात्री ९:३०

गारगोटीचे दादा, तुमचं वाचून रडू आलं. आमचाही डबा आहे. आई सगळं पिशवीत घालून देवघराखाली ठेवते. उद्या काढते.

वकील_बावडेकर | १२ जानेवारी, रात्री १०:१५

काढा. आणि दवाखान्यातून काय मागायचं तेही सांगतो. बाहेरच्या रुग्णाचे कागद बहुतेक ठिकाणी रुग्णाकडेच असतात, दवाखान्यात फार तर नोंदवहीत नाव असतं. पण तुम्ही लिहिलंत, फेब्रुवारीत एक दिवस ठेवून घेतलं होतं. म्हणजे त्या दिवसाचा इनडोअर केसपेपर असलाच पाहिजे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार तो तीन वर्षं जपायचा असतो आणि रुग्णानं मागितला की बहात्तर तासांत द्यायचा असतो. अर्ज आप्पांच्या सहीनं, दोन प्रती, एकीवर पोहोच. पोहोच देत नसतील तर वाद न घालता स्पीड पोस्टानं पाठवा. अर्जात भांडणाचा एक शब्द नको. "पुढील उपचारांसाठी कागदपत्रे हवीत", बस.

प्रयोगशाळेत जाऊन रक्ताच्या रिपोर्टच्या तारखेसह प्रती घ्या. मेडिकलवाल्याकडे संगणकात जुनी बिलं असतात, तीही काढा. चिठ्ठी हरवली तरी बिलावर औषध, तारीख आणि डॉक्टरचं नाव दिसतं.

तज्ज्ञाच्या मताबद्दल दोन ओळी, कारण पुढे हाच प्रश्न येईल. २००९ च्या एका निकालानं असा समज झाला होता की तज्ज्ञाचं मत आल्याशिवाय डॉक्टरला नोटीसही काढता येत नाही. २०१० मध्ये व्ही. किशनराव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ते दुरुस्त केलं. ते प्रकरण चुकीच्या निदानाचंच होतं. ताप मलेरियाचा, उपचार टायफॉइडचे, बाई गेल्या. नवरा मलेरिया खात्यात अधिकारी. जिल्हा मंचानं (आताचा जिल्हा आयोग) दोन लाख दिले, वरच्या आयोगांनी काढून घेतले, सर्वोच्च न्यायालयानं परत दिले आणि सांगितलं की प्रत्येक केसला तज्ज्ञ लागत नाही, चूक उघड दिसत असेल तर आयोग स्वतः ठरवू शकतो. तरीही तुमच्या केसमध्ये मी मत घ्यायलाच सांगेन. डॉक्टरसाहेबांनी सांगितलेली दुसरी पायरी त्याशिवाय चढता येणार नाही.

राजारामपुरी_७वी_गल्ली | १३ जानेवारी, दुपारी १२:४०

प्रश्न जरा बाजूचा आहे. माझे दीर गोकुळ शिरगावला कामाला आहेत, पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापतात. तिथं असं झालं तर ते फुकट उपचार धरतात का?

वकील_बावडेकर | १३ जानेवारी, दुपारी २:०५

नाही. वर्गणी भरलेली आहे, म्हणून ईएसआयच्या दवाखान्याविरुद्ध ग्राहक तक्रार चालते, हे २००७ च्या किशोरीलाल निकालानं ठरलंय. त्यातही तक्रारदाराच्या पत्नीचं निदान चुकल्याचाच आरोप होता. जिथं सगळ्यांनाच पूर्ण मोफत उपचार मिळतात अशा सरकारी रुग्णालयाविरुद्ध मात्र ग्राहक आयोग नाही, तिथं दिवाणी दावा करावा लागतो.

कागलची_लेक | १५ जानेवारी, रात्री ११:५०

दोन दिवस कागद लावत होते. आज एक गोष्ट सापडली. लिहू की नको असं झालं, पण ज्यांनी इतकं सांगितलं त्यांच्यापासून लपवणं बरं नाही.

१८ मार्च २०२५ ची चिठ्ठी. औषधांच्या खाली, अगदी कोपऱ्यात, एक ओळ आहे. मला ती लागत नव्हती. मेडिकलवाल्या काकांना दाखवली. ते म्हणाले, "कोलोनोस्कोपी करावी" असं इंग्रजीत लिहिलंय, तीच दुर्बीण.

म्हणजे त्यांनी लिहिलं होतं. मार्चमध्ये. आणि आम्ही जूनपर्यंत त्यांच्याच गोळ्या घेत होतो. त्या दिवशी मी शेजारीच बसले होते. डॉक्टर म्हणाले, "पंधरा दिवसांनी या." दुर्बिणीचं तोंडानं काही बोलले नाहीत. की बोलले आणि मी ऐकलं नाही? तेव्हापासून हाच विचार डोक्यात फिरतोय. मी बारावी शिकलेली. चिठ्ठी उलटून बघायला काय झालं होतं मला?

भाऊ म्हणतो, ही चिठ्ठी फाईलला लावूच नको.

इचलकरंजीचा_सर्जन | १६ जानेवारी, सकाळी ६:४०

ताई, आधी हे ऐका. ती ओळ वाचणं तुमचं काम नव्हतं. समजावून सांगणं डॉक्टरचं काम होतं. मी दुर्बिणीला पाठवतो तेव्हा रुग्ण घाबरतात, "स्कोप नको, गोळ्या द्या" म्हणतात. अशा वेळी नातेवाइकाला आत बोलावून, काय असू शकतं ते मराठीत सांगून, तरीही नकार असेल तर तसं लिहून खाली सही घ्यायची असते. पुढच्या भेटीला पहिला प्रश्न तोच असायला हवा, "केली का तपासणी?" एप्रिल-मे मध्ये तुम्ही किती वेळा गेलात? त्या चिठ्ठ्यांवर त्याबद्दल काय आहे?

वकील_बावडेकर | १६ जानेवारी, सकाळी ८:५५

भावाला सांगा, चिठ्ठी लपवायची नाही. समोरच्याकडे तिची नोंद असेल आणि त्यानं ती बाहेर काढली, तर तुमचा एक कागद खोटा ठरून बाकी सगळे संशयात जातील. शपथपत्रावर आप्पांची सही असणार आहे.

केस बदलली, हे मात्र खरं. मार्चनंतरच्या तीन महिन्यांचं तुमचं म्हणणं दुबळं झालं. ते म्हणतील, आम्ही सांगितलं, यांनी केलं नाही. तुम्ही म्हणाल, इंग्रजीत कोपऱ्यात खरडलेली ओळ म्हणजे सांगणं नव्हे. आयोग काय धरेल हे मी आज सांगू शकत नाही. पण नोव्हेंबर ते मार्च हे चार महिने आहेत तसेच आहेत. उलट त्या ओळीवरून एवढं नक्की दिसतं की ही तपासणी लागते हे डॉक्टरांना माहीत होतं. मग ७.४ आलं त्या दिवशी का नाही लिहिलं?

शिरोलीचा_फौंड्रीवाला | १६ जानेवारी, दुपारी १:१५

ताई, पहिल्या दिवशी मी जे लिहिलं ते चुकलं. माफ करा. कोर्टात यायला-जायला गाडी लागली तर शिरोलीहून मी येईन. 

कागलची_लेक | २१ जानेवारी, रात्री ९:१५

डॉक्टरसाहेब, एप्रिल-मे मध्ये चार वेळा गेलो होतो. चारही चिठ्ठ्यांवर फक्त औषधं.

अर्ज द्यायला मी आणि भाऊ गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीनं पोहोच दिली नाही, म्हणून स्पीड पोस्टानं पाठवला. चौथ्या दिवशी फोन आला, कागद घेऊन जा. फेब्रुवारीचा केसपेपर मिळाला, तीन पानं. वर लिहिलंय, मूळव्याधीचा जुना रुग्ण. तपासणीच्या रकान्यात नाडी, बीपी, छाती, पोट सगळं भरलंय. खाली बोटानं तपासायचा रकाना आहे, तो मोकळा आहे. काहीच लिहिलेलं नाही, आडवी रेघसुद्धा नाही.

मिरजेच्या एमआरआयमध्ये अंतर चार सेंटिमीटर आहे. सर्जनना स्पष्ट विचारलं. म्हणाले, पिशवी कदाचित तेव्हाही लागली असती, ते मी लिहून देऊ शकणार नाही. पण उशिराबद्दल जे माझ्या तपासणीत दिसलं तेवढं लिहून देतो.

घरी येऊन आप्पांना सगळं वाचून दाखवलं. मार्चची ओळसुद्धा. इतके महिने गप्प बसलेले आप्पा काल बोलले. म्हणाले, "त्यानं लिहिलं हुतं, त्येबी सांगायचं. आन मला एकदाबी टेबलावर घेतलं न्हाई, त्येबी सांगायचं. दोन्ही सांगायचं असंल तर मी येतो. एकच सांगायचं असंल तर न्हाई येत." भाऊ काही बोलला नाही. नंतर त्यानंच चिठ्ठी तारखेनं फाईलला लावली.

वकीलदादा, गुरुवारी बावड्यात येतोय. आप्पांना फार वेळ बसवत नाही, पिशवी बदलावी लागते. तुमच्या ऑफिसला लागून बाथरूम आहे का, तेवढं कळवा.

वकील_बावडेकर | २१ जानेवारी, रात्री ९:४०

आहे. तळमजल्यावरच आहे, पायऱ्या नाहीत. अकराला या, त्या वेळेला दुसरं कुणी ठेवत नाही.